उसाची गाडी आणि भाविकांची मोटार

शनिशिंगणापूरच्या घरांना परंपरेने दारे नसतात, ही गोष्ट साऱ्या भारताला ठाऊक आहे. २०११ साली युको बँकेने येथे कुलपाविना शाखा उघडली, तेव्हा त्या बातमीचे देशभर कौतुक झाले. चोरी करणाराला शनिदेव शासन करील, या विश्वासावर हे गाव आपली चीजवस्तू उघडी टाकून झोपी जाते. हा विश्वास खरा की खोटा, या वादाचे हे स्थळ नव्हे. परंतु ज्या गावात मालमत्तेची राखण देवावर सोपवली आहे, त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणसाच्या जिवाची राखणही देवावरच सोपवलेली असावी, ही गोष्ट मात्र वाद घालण्यासारखी आहे. गावाच्या वेशीवर रुईची माळ, काळी बाहुली, घोड्याची नाल आणि लिंबू-मिरची विकत मिळते. ती घेऊन मोटारीच्या पुढच्या बाजूस बांधली जाते. त्याच मोटारीपुढे अर्ध्या मैलावर उसाने भरलेली जी ट्रॉली अंधारातून चाललेली असते, तिच्या मागच्या बाजूस लाल दिवा नसतो. लिंबू-मिरची बांधणाराला त्याची कल्पना नसते आणि ट्रॉली भरणाराला त्याची फिकीर नसते.

शिंगणापूरला येण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक अहिल्यानगर ते छत्रपती संभाजीनगर या महामार्गावरील घोडेगाव येथून आत वळतो. दुसरा शिर्डीकडून येणाऱ्या भाविकांचा. तो राहुरीला मनमाड रस्ता सोडतो आणि सोनईवरून गावात येतो. या दोन्ही मार्गांच्या दुतर्फा असलेले शिवार मुळा धरणाच्या उजव्या कालव्याने भिजते. जेथे पाणी पोहोचले तेथे ऊस आला आणि ऊस आला तेथे कारखाना आला. सोनईला मुळा कारखाना, त्याच नेवासे तालुक्यात भेंड्याला ज्ञानेश्वर कारखाना. याच जिल्ह्यात १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, हे कार्यकर्त्यांना नव्याने सांगावयास नको. सांगावयाचे ते एवढेच की, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झाले म्हणजे पुढचे चार-पाच महिने हे रस्ते कारखान्याचे आवार बनतात. उभ्या पिकापासून गव्हाणीपर्यंतची सारी वाहतूक याच डांबरी पट्ट्यावरून होते. आणि याच पट्ट्यावरून, याच महिन्यांत, परगावची मोटार शंभर मैलांचा प्रवास संपवून दर्शनाच्या घाईने धावत असते.

शनिअमावस्येला तर ही गाठ अटळ असते. शनिवारी येणारी अमावस्या हा येथला सर्वांत मोठ्या गर्दीचा दिवस. अमावस्येच्या रात्री आकाशात चंद्र नसतो, हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही. म्हणजे ज्या रात्री रस्त्यावर सर्वांत अधिक मोटारी, त्याच रात्री सर्वांत अधिक अंधार. ४ डिसेंबर २०२१ आणि २१ जानेवारी २०२३ या दोन्ही शनिअमावस्या ऐन गाळपाच्या हंगामात आल्या होत्या. कारखाना अमावस्या पाळत नाही. चोवीस तास फिरणारी त्याची चक्रे ऊस मागत असतात, आणि तो ऊस बिनदिव्याच्या ट्रॉलीतून त्या अंधारात वाहिला जातो.

देशात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्र शासनाचाच अहवाल सांगतो. त्यांपैकी महाराष्ट्रातील माणसे पंधरा हजारांहून अधिक होती. एकूण मृत्यूंपैकी दोन तृतीयांशांहून अधिक ग्रामीण भागात झाले आणि मेलेल्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. रस्त्यावरचा मृत्यू म्हटला की शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे चौकातील कोंडी उभी राहते. हे आकडे मात्र शेताच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याकडे बोट दाखवतात.

आता मोटार चालवणाराकडे वळू. साडेसातीचा विचार बाजूस ठेवून त्याने थोडे गणित करावे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर जाते. पुढे काही आहे हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद सहज जातो, म्हणजे ३३ मीटर गेले. त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगल्या ब्रेकची मोटार थांबावयास आणखी ३५ मीटर तरी हवेत. एकंदर झाले ६८. समोरून वाहन येत असले म्हणजे दिव्यांचा झोत खाली करावा लागतो, आणि त्या खालच्या झोतात रस्ता दिसतो तो चाळीस-पन्नास मीटर. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यात उभी असेल आणि तिच्या मागे दिवा नसेल, तर या चालकाला ती दिसली तेव्हाच अपघात घडून गेलेला असतो. आवाज तेवढा मागाहून होतो. हीच मोटार ताशी ५० ने जात असती तर साधारण ३५ मीटरांत थांबली असती. दिव्यात जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा, हा एक नियम पाळला तरी निम्मे काम होते. यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

उभ्या ट्रॉलीची आणखी एक गोष्ट आहे. चाक बदलताना ती घरंगळू नये म्हणून तिच्या चाकांना मोठाले दगड लावतात आणि मागे इशारा म्हणून बाभळीची एखादी फांदी टाकतात. दिवसा ती फांदी पुरते. रात्री ती दिसत नाही. चाक बदलून ट्रॉली निघून जाते, दगड मात्र तेथेच राहतात. पहाटे दूध घेऊन निघालेल्या दुचाकीस्वाराला त्यांचा पत्ता लागतो तो त्यांवर आदळल्यावरच. यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. रात्रभर न झोपलेल्या माणसाचा तो विसर असतो. परंतु मरणाराला त्या भेदाचा काही उपयोग नाही.

चालती ट्रॉली हे प्रकरण निराळे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. त्यांची एकूण लांबी एस.टी.च्या बसपेक्षा जास्त भरते आणि मोळ्यांची टोके दोन्ही अंगांना हात-हात बाहेर आलेली असतात. वीस-वीस टनांचे हे ओझे ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चाललेले असते. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुधा नसतोच. सारा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर थांबवावयाचा. त्या चाकांचेही ब्रेक निरनिराळे असतात. शेतात नांगरताना जागच्या जागी वळता यावे म्हणून डावा-उजवा ब्रेक स्वतंत्र ठेवलेला असतो. रस्त्यावर येताना दोन्ही पायपट्ट्या खटक्याने एकत्र जोडावयाच्या असतात. शेतातून थेट डांबरावर आलेला चालक तो खटका लावावयाचे विसरला आणि घाईत एकाच पट्टीवर पाय पडला, तर ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो. ओझे अतिरिक्त असले तर चढावर पुढची चाके जमिनीवरून उचलली जातात. मग सुकाणू फिरवून उपयोग नसतो. असे वाहन ओलांडून लगेच त्याच्यापुढे मोटार घालावी आणि रसवंती दिसली म्हणून कचकन थांबवावी, याला आत्महत्येपलीकडे दुसरे नाव नाही. या रस्त्यांवर बैलाने फिरणाऱ्या लाकडी चरकाच्या रसवंत्या जागोजाग आहेत. शहरातल्या मुलांना त्यांचे मोठे अप्रूप वाटते आणि मोटारी त्यांच्यासमोर कोणतीही पूर्वसूचना न देता थबकतात. त्यात भर पडते ती मोटारसायकलवरून भाविकांच्या गाड्यांचा पाठलाग करणाऱ्या, पूजासाहित्याच्या दुकानांच्या दलालांची. या भागात त्यांना ‘लटकू’ म्हणतात. डावीकडून लटकू हात करीत आहे, उजवीकडून एस.टी. येत आहे आणि पुढे ट्रॉली डुलत आहे, अशा स्थितीत परगावच्या चालकाचे लक्ष नेमके कोठे असावे?

ट्रॉली ओलांडावयाची तर किती मोकळा रस्ता हवा, हेही मोजून पाहण्यासारखे आहे. ट्रॉली ताशी २० ने आणि मोटार ५० ने जात असेल, तर मागे-पुढे सुरक्षित अंतर ठेवून ओलांडावयास सहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मोटार ८० मीटर पुढे जाते आणि समोरून ताशी ६० ने येणारे वाहन १०० मीटर जवळ येते. म्हणजे दोनशे मीटर रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे. वळणावर, चारीच्या पुलावर, किंवा समोर एकच दिवा दिसत असताना तो तसा दिसत नाही. त्या एकाच दिव्यापासून विशेष सावध राहावे. दूरवरून येणारा एकुलता दिवा मोटारसायकलचा आहे असे समजून चालक पुढे घुसतो आणि जवळ आल्यावर तो ट्रॅक्टर निघतो. त्याचा दुसरा दिवा मागल्या हंगामातच फुटलेला असतो.

ट्रॅक्टरच्या मागे हॉर्न वाजवीत राहण्यातही अर्थ नाही. इंजिनाचा आवाज, वर मोठ्याने लावलेली गाणी आणि आरशाच्या बाहेर आलेला ऊस, यांमुळे चालकाला मागचे ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. तो डावीकडे सरकला म्हणजे त्याने वाट दिली, असेही समजू नये. लांबलचक जोड उजवीकडच्या शेतवाटेला वळवावयाची तर आधी डावीकडे घ्यावी लागते. ती हालचाल म्हणजे वळण्याची सुरुवात असते आणि त्याच क्षणी मागचा माणूस उजवीकडून पुढे काढतो. शेतवाट, गोठा, विहिरीचा रस्ता, वजनकाट्याचे वळण, यांपैकी काही दिसले की ट्रॅक्टर वळणारच, असे धरून मागे राहावे. पावसाळ्यात रोटाव्हेटर किंवा पेरणीयंत्र लावलेल्या ट्रॅक्टरबाबत हेच लागू. त्या अवजारांची रुंदी ट्रॅक्टरहून अधिक असते, आणि रस्त्यावर सांडलेली चिकणमाती दुचाकीला तेलासारखी निसरडी होते.

बैलगाडीला हॉर्न वाजवणे तर अपराध मानला पाहिजे. बैल बुजतो. टनावारी उसाखाली जुंपलेला बैल बुजला तर तो कोठे जाईल हे गाडीवानाच्या हातातल्या कासऱ्यावर ठरत नाही. समोरून येताना दिव्याचा प्रखर झोत बैलांच्या डोळ्यांत सोडणे हाही तोच अपराध. बैलगाडी मागे घेता येत नाही आणि एकदम बाजूसही काढता येत नाही. तिला ओलांडताना वेग कमी करावा, हात-दोन हात अधिक अंतर सोडावे आणि पुढे गेल्यावर लगेच डावीकडे घुसू नये. तासाला चार किलोमीटर चालणारी गाडी मोटारीच्या हिशेबाने उभीच असते. जुन्या काळी बैलगाडीच्या साट्याखाली आसाजवळ कंदील टांगलेला असे. तो डुलणारा पिवळा ठिपका मैलभरावरून दिसे. रबरी टायरच्या गाड्या आल्या, ओझे वाढले, वाटेवर मोटारी वाढल्या, आणि कंदील मात्र गेला. प्रगतीचा हा हिशेब कोणी मांडला, ते कळत नाही.

त्या गाडीवर कोण बसले आहे, हेही पाहिले पाहिजे. बीड जिल्ह्यातून, पाथर्डी-आष्टीच्या कोरड्या भागातून मुकादमाची उचल घेऊन आलेले ते जोडपे असते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला हिशेबात अर्धा कोयता म्हणतात. पहाटे तोड, दुपारी मोळ्या बांधून गाडी भरणे, संध्याकाळी कारखान्याकडे निघणे आणि तेथे नंबर लागेपर्यंत रात्रभर रांगेत थांबणे. रिकामी गाडी पहाटे कोपीकडे परतते. कधी पुरुष थकून साट्यावर झोपलेला असतो आणि बैल सवयीने वाट चालत असतात. कधी भरल्या गाडीवर मोळ्यांच्या वर बाई बसलेली असते आणि तिच्या मांडीत पोर असते. शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावे यासाठी २००० साली आणि पुन्हा २०१६ साली जो लढा झाला, तो महाराष्ट्राला ठाऊक आहे. उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, चौथरा स्त्रियांसाठी खुला झाला. तो लढा योग्यच होता. पण त्याच चौथऱ्याच्या रस्त्याने मध्यरात्री उसाच्या गाडीवर बसून जाणाऱ्या स्त्रीला कोणी अडवत नाही, हे तिच्या समतेचे लक्षण समजावयाचे काय? तिच्या पाठीमागे ताशी ८० ने येणाऱ्या मोटारीतही कोणाची तरी आई बसलेली असते. दोघींच्या जिवावर एकाच अंधाराचे सावट आहे.

हा अंधार कोठून येतो? चालक बेफिकीर आहे, अडाणी आहे, दारू पितो, गाणी लावतो, असे उत्तर शहरात तयारच असते. त्यात काही तथ्यही आहे. दारू पिऊन ट्रॅक्टर चालवणाराची कड घेण्याचे कारण नाही. परंतु या उत्तरावर थांबणे सोयीचे आहे, म्हणूनच ते संशयास्पद आहे. तोडणी आणि वाहतुकीचा मोबदला टनावर आणि अंतरावर ठरतो. वाहतूकदाराने ट्रॅक्टर कर्जाने घेतलेला असतो, मुकादमाला उचल दिलेली असते, आणि हंगामाच्या चार-पाच महिन्यांतच हे सारे फेडावयाचे असते. अशा माणसाच्या दृष्टीने प्रत्येक खेपेत दुसरी ट्रॉली, तिच्यावर आणखी दोन मोळ्या आणि रात्रीची आणखी एक खेप, हाच शहाणपणा ठरतो. मागचा दिवा फुटला तर तो बदलावयास थांबणे म्हणजे रांगेतला नंबर घालवणे. ज्या व्यवस्थेत टनाला पैसा आहे आणि दिव्याला नाही, तिच्यात टन वाढतात आणि दिवे विझतात. यासाठी कोणाला दुष्ट ठरवावे लागत नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन नियमांप्रमाणे ट्रॉलीच्या मागे लाल दिवे आणि परावर्तक असणे सक्तीचे आहे. मर्यादेहून अधिक भार नेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहेत. परंतु शेतीचा ट्रॅक्टर हे ‘वाहतूक वाहन’ नव्हे, अशी व्याख्या नियमांतच आहे. शेतकऱ्याला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्रासाठी परिवहन कार्यालयात खेटे घालावे लागू नयेत, म्हणून ही सवलत आहे. आपल्या शेतातला माल घरी आणणाराच्या बाबतीत ती रास्तच म्हणावी लागेल. जो ट्रॅक्टर हंगामभर कारखान्याच्या कराराने रात्रंदिवस दुसऱ्याचा ऊस वाहतो, त्याला मात्र शेतकऱ्याची सवलत आणि मालमोटारीचे काम अशा दोन्ही गोष्टी मिळतात. आणि अपघात झाला म्हणजे हीच सवलत उलटते. शेतीसाठी नोंदलेले वाहन भाड्याने वापरले, असा मुद्दा विमा कंपनीला न्यायालयात मांडता येतो. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज दुसऱ्या कोणाला बसण्याची कायद्याने जागाच नाही. मडगार्डवर बसलेला मजूर मेला तर त्याच्या विधवेला भरपाईसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागते.

शेतकऱ्यांसाठी अपघात अनुदानाची राज्य शासनाची योजना आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या या योजनेत मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. योजना चांगली आहे. पण ती सातबाऱ्याला बांधलेली आहे. खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक जण, एवढ्यांनाच तिचे छत्र. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तो ऊसतोड मजूर त्याच उसाखाली मेला तरी शेतकरी ठरत नाही. अज्ञात वाहनाने ठोकरून पळ काढला असेल, तर केंद्राच्या योजनेत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूस दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे. पूर्वी हे आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. ही तरतूद किती तोडणी कामगारांना ठाऊक आहे, याची चौकशी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी कोपीकोपीवर जाऊन करावी. तसेच, जखमीला दवाखान्यात पोचवणाराला पोलीस छळतील ही भीती गावोगाव आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाराला कायद्याचे संरक्षण दिले आहे आणि त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. हेही लोकांपर्यंत गेलेले नाही.

रस्ते बांधणारांची जबाबदारीही लहान नाही. ट्रॅक्टर बाजूस का घेत नाही, असा संताप मोटारवाल्याला येतो. घ्यावयाचा कोठे? डांबराच्या कडेला वीतभर खड्डा असतो आणि साइडपट्टी वाहून गेलेली असते. वीस टनांचे ओझे त्या कडेवरून खाली उतरले तर उलटणारच. रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे मृत्यू घडल्यास संबंधित यंत्रणेला आणि ठेकेदाराला दंड करण्याची तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. तिचा वापर करावयाचा तर कोणी तरी अर्ज केला पाहिजे, आणि अर्ज करणे हे तर कार्यकर्त्याचे जुने काम आहे.

उपाय खर्चाचे आहेत, ही समजूतही तपासून पाहावी. मंद गतीच्या वाहनांचा हा प्रश्न अमेरिकेतील शेतकऱ्यांनाही छळत होता. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ओहायो राज्याच्या विद्यापीठात केन हार्कनेस या कृषी अभियंत्याने त्यावर प्रयोग केले. निरनिराळ्या आकारांची आणि रंगांची चिन्हे लहान प्रतिकृतींवर लावून, चालकाला कोणते चिन्ह लवकर कळते हे त्याने पाहिले. त्यातून निघाला तो मध्ये नारिंगी आणि कडेला लाल परावर्तक पट्टी असलेला एक त्रिकोण. दिवसा नारिंगी रंग डोळ्यांत भरतो, रात्री मोटारीच्या उजेडात लाल कडा पेटते. त्याला बॅटरी लागत नाही, तार लागत नाही, आणि तो फुटत नाही. पुढे तो त्या देशात सर्वमान्य झाला. पत्र्याचा एक तुकडा आणि परावर्तक पट्टी, एवढेच त्याचे भांडवल. महाराष्ट्रातही हंगामाच्या आरंभी परिवहन कार्यालय, पोलीस आणि कारखाने मिळून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, छायाचित्रे छापून येतात. हे काम स्तुत्य आहे. परंतु पंधरा दिवसांत त्या पट्टीवर चिखल बसतो, किंवा उसाची टोके मागे लोंबून तिला झाकून टाकतात. पट्टी लावणे हा समारंभ असतो. ती रोज पुसणे हे काम असते, आणि समारंभाला जमलेले लोक कामाला येत नाहीत.

मित्रहो, १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. ओझे ज्याच्या फायद्यासाठी वाहिले जाते, त्याने ओझे वाहणाराच्या संरक्षणाची वर्गणी भरावी, असे त्याचे सूत्र होते. ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे आणि गाळप झालेल्या प्रत्येक टनामागे त्याला निधी मिळावा, हे तत्त्वही शासनाने मान्य केले आहे. जो टन ट्रॉली ओव्हरलोड करावयास लावतो, त्याच टनाकडून दिव्याचे पैसे वसूल करणे हे न्यायाचेच आहे. कारखान्याने वाहतूकदाराशी करार करताना दिवे, परावर्तक त्रिकोण आणि ब्रेकची तपासणी ही अट घालावी, तिचा खर्च स्वतः सोसावा, आणि रांगेत ताटकळणाऱ्या चालकाला चार तास पाठ टेकता येईल अशी जागा द्यावी. भाविकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेकडेही मागणी करता येईल, की शनिअमावस्येच्या रात्री घोडेगाव आणि सोनईच्या रस्त्यांवर दिवे लावावेत आणि उसाच्या वाहनांसाठी ठराविक वेळ ठरवून घ्यावी. हे दोन्ही पक्ष एका मेजाभोवती बसलेच पाहिजेत. रस्ता एकच आहे.

परंतु सर्वांत हुकमी जागा आहे ती कारखान्याचा वजनकाटा. तेथे प्रत्येक ट्रॉली थांबते, कारण वजन झाल्याखेरीज पैसा नाही. तेथला कारकून वाहनाचा क्रमांक लिहितो, शेतकऱ्याचे नाव, गट, वेळ, भरलेले वजन आणि रिकामे वजन लिहितो. ऊस जळीत असेल तर कपात करावयाची, हे त्या यंत्रणेला बरोबर कळते. पाचट जास्त आले तर ती हरकत घेते. साखरेच्या उताऱ्याला बाधा येईल अशी एकही गोष्ट तिच्या नजरेतून सुटत नाही. त्याच पावतीवर आणखी एक रकाना छापावा : मागचा दिवा व परावर्तक, आहेत की नाहीत. नसतील तर ट्रॉली रिकामी होऊन बाहेर पडण्यापूर्वी आवारातच दिवा बसवून द्यावा. त्यासाठी चालकाकडून पैसे घेऊ नयेत, आणि त्याचा नंबरही जाऊ देऊ नये. पुढच्या गाळपाच्या आधी सभासदांच्या वार्षिक सभेत हा ठराव मांडावयाचा आहे. नेवासे, राहुरी आणि शेवगाव तालुक्यांतील जे कार्यकर्ते कारखान्यांचे सभासद आहेत, त्यांनी त्याची लेखी सूचना मुदतीत द्यावी. तोंडी मांडलेला विषय अध्यक्ष ऐनवेळी नाकारू शकतात.